लंडन ते काटोल: एका परिसाची वाट

हॅरी पॉटर मालिकेचे पहिले पुस्तक २६ जून १९९७ रोजी लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने काढले. पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या छपाईत प्रती होत्या अवघ्या ५०० आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रंथालयांकडे गेल्या. जे. के. रोलिंग हे नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पुढच्या दहा वर्षांत सात पुस्तके झाली. सातवे २१ जुलै २००७ रोजी आले. २०१८ पर्यंत या सात पुस्तकांच्या मिळून ५० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि ८० भाषांत त्यांचे अनुवाद झाले. मराठी ही त्यांतली एक.

मराठी मुलांना जादूची गोष्ट नवी नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही, पण पुढे इतरांनी ते तडीस नेले, आणि दिव्यातला राक्षस, उडता गालिचा, बाटलीत कोंडलेला जिन ही मंडळी मराठी घरांत कायमची राहायला आली. रंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आली. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि २०१८ मध्ये हेच नाटक नव्या संचात उभे राहिले तेव्हा वैभव मांगले यांच्या चेटकिणीसाठी आजोबा-आजी नातवंडांना घेऊन नाट्यगृहात आले.

मात्र महिन्याच्या महिन्याला जादू घरात आणून देण्याचे काम सर्वांत जास्त केले ते ‘चांदोबा’ने. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून ‘चंदामामा’ सुरू केला. १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघाली. क्रमशः चालणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या, मांत्रिक, नागलोक, बोलणारे पक्षी आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा. शंकर या चित्रकाराचे ते चित्र एकदा पाहिलेला वाचक ते विसरत नाही. वेताळाची गोष्ट दर वेळी एका प्रश्नावर येऊन थांबे. राजाचे उत्तर वाचण्याआधी मुलाला स्वतःचे उत्तर ठरवावे लागे. पुढच्या अंकाची वाट पाहणे आणि मधल्या काळात मनाशी तर्क लढवणे ही सवय ‘चांदोबा’ने लावली. पुढे हॅरी पॉटरच्या दोन पुस्तकांमधली दोन-दोन, तीन-तीन वर्षे वाचकांनी याच सवयीने काढली.

नागपूर जिल्ह्याची गोष्ट याहून थोडी वेगळी. काटोल हे संत्र्यांचे गाव नागपूरच्या वायव्येला, नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. १९५६ पर्यंत हा सारा भाग आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. घरात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी दोन्ही, अशी इथली रीत. त्यामुळे इथल्या मुलाला ‘चांदोबा’ आणि हिंदी ‘चंदामामा’ ही दोन्ही मासिके परकी वाटत नसत. जे हाती लागेल ते वाचायचे. ही दुभाषी सवय पुढे हॅरीच्या कामी आली, कारण तो महाराष्ट्रात तीन भाषांतून आला: इंग्रजी, हिंदी आणि मराठी.

पहिल्यांदा आला तो इंग्रजीतून, मोठ्या शहरांत. १९९९-२००० च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ही पुस्तके हातोहात फिरू लागली. चौथ्या पुस्तकापासून प्रकाशनाचा दिवस हाच एक सोहळा झाला. लंडनच्या मध्यरात्री भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणून इथल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे भल्या सकाळी मुलांच्या रांगा लागत, सोबत जांभया देणारे आईवडील. एखाद्या कादंबरीसाठी मुलांनी पहाटे उठावे हे आपल्याकडे याआधी कोणी पाहिले नव्हते. तालुक्याच्या गावांना ही रांग वर्तमानपत्रातल्या फोटोतच दिसली. तिथे हॅरीची ओळख करून दिली ती आधी सिनेमाने. पहिला चित्रपट २००२ च्या एप्रिलमध्ये भारतात लागला, हिंदी आवाजासह. सिनेमा आधी आणि पुस्तक नंतर, हा उलटा क्रम अनेक वाचकांच्या वाट्याला आला आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. पडद्यावर अडीच तासांत जे उरकले ते पुस्तकात शेकडो पानांवर सावकाश भेटते, हे कळले की मूल पुस्तकाकडे वळतेच.

भारतीय भाषांतली पुस्तके काढली भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने. हिंदी अनुवाद सुधीर दीक्षितांचा. मराठीत पहिले पुस्तक बाळ ऊर्ध्वरेषे यांनी आणले आणि पुढच्या जाडजूड खंडांचे काम मंजूषा आमडेकर यांनी केले. मराठी नाव ठरले ‘हॅरी पॉटर आणि परीस’.

या नावापाशी थोडे थांबायला हवे. युरोपातल्या किमयागारांच्या दगडाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ तत्त्वज्ञाचा दगड असा होतो. ते नाव मुलाच्या हाती काही देत नाही. अमेरिकेतल्या प्रकाशकाला तर इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठीही ते बदलून घ्यावे लागले. मराठीला ही अडचण पडली नाही. लोखंडाला सोने करणारा परीस शतकानुशतके संतांच्या अभंगांत आहे, कीर्तनात आहे, आजीच्या बोलण्यात आहे. मुखपृष्ठावरचा तो एक शब्द वाचून पुस्तकात काय दडले असेल याचा अंदाज मराठी मुलाला येतो, आणि तो मूळ शब्दापेक्षा लवकर येतो. फरक एवढाच की गोष्टीतला दगड सोन्याबरोबर अमरत्वही देतो. आपल्याकडे ते काम परिसाचे नाही, अमृताचे. आणि अमृत म्हटले की समुद्रमंथन, त्यासाठी झालेली फसवाफसवी आणि राहूचे तुटलेले मस्तक आठवते. मरणाला चुकवू पाहणारा गोष्टीतला खलनायक व्होल्डेमॉर्ट या पंक्तीत बरोबर बसतो.

सगळेच शब्द असे सोपे नव्हते. पुस्तकातली हर्मायनी ही हुशार, नियमाने वागणारी, मैत्रिणीसारखी मुलगी इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखली जाते त्याला मराठीत सरळ शब्द आहे ‘चेटकीण’, आणि तो शब्द उच्चारताच वाकडे नाक, विस्कटलेले केस आणि चिंचीचे हसू समोर येते. मराठीत चांगली चेटकीण नाहीच. जादूगार या पुरुषवाचक शब्दाला तसा डाग नाही. भाषेतला हा अन्याय जुना आहे, आणि अनुवाद वाचताना तो कधी नव्हे इतका उघडा पडतो.

आता मुख्य प्रश्न: इतके प्रेम का? जादू तर आधीही होती. ‘चांदोबा’तला मांत्रिक जन्मतः मांत्रिक असतो किंवा तपश्चर्येने झालेला असतो. हॅरीला मात्र जादू शाळेत शिकावी लागते. तास, गृहपाठ, परीक्षा, आवडते आणि नावडते शिक्षक, वर्गातली भांडणे हे सगळे तिथे आहे. अकराव्या वाढदिवसाला पत्र येते आणि एक पोरका मुलगा आगगाडीत बसून अनोळखी शाळेकडे निघतो. महाराष्ट्राच्या खेड्यातल्या मुलाला हा प्रवास अनुभवाचा आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत. पाचवीला मोठ्या गावाच्या शाळेत जायचे, एसटीने किंवा पायी. काटोलसारख्या तालुक्याच्या गावात आजूबाजूच्या खेड्यांतून अशी मुले येतात ती याच वयाची, दहा-अकरा वर्षांची. नवा गणवेश, ओळखीचे कोणी नाही, आणि पहिल्या दिवशी बाकावर शेजारी जो बसला तोच पुढे जन्माचा मित्र. हॅरीला रॉन भेटतो तो असाच, गाडीच्या डब्यात.

याहूनही जवळचे उदाहरण जवाहर नवोदय विद्यालयांचे. ग्रामीण भागातल्या मुलांसाठी १९८५-८६ पासून सुरू झालेल्या या निवासी शाळांत प्रवेश परीक्षेने सहावीला प्रवेश मिळतो. नागपूर जिल्ह्याचे नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी इथे आहे. या शाळांत मुलांची चार सदने असतात: अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. खेळात, वक्तृत्वात, स्वच्छतेत गुण मिळवायचे ते सदनासाठी. आईवडिलांपासून दूर, वसतिगृहात राहणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला हॅरीच्या शाळेतली ग्रिफिंडोर आणि स्लिदरिन ही सदने कोणी समजावून सांगावी लागत नाहीत. इंग्लंडमधल्या निवासी शाळांच्या परंपरेतून घेतलेली ही मांडणी आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलालाही घरची वाटते ती यामुळे.

आणखी एक गोष्ट या पुस्तकांनी केली. नायक मोठा होत जातो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीस-एक पुस्तकांत किती उचापती करतो, पण वयाने तो तेवढाच राहतो, आणि त्याचे तसे राहणेच वाचकाला हवे असते. हॅरी मात्र अकराचा सतराचा होतो, चिडतो, चुकतो, जवळची माणसे गमावतो. १९९९ मध्ये दहा वर्षांचा असलेला वाचक शेवटचे पुस्तक वाचताना अठराचा झाला होता. तो पुस्तकाबरोबर वाढला. म्हणून ते त्याच्यासाठी लहानपणी वाचलेले पुस्तक राहिले नाही, लहानपणच झाले.

जादूच्या पुस्तकाला विरोधही झाला. अमेरिकेत २००० ते २००९ या दशकात ज्या पुस्तकांबद्दल ग्रंथालयांकडे सर्वाधिक तक्रारी आल्या त्यांत ही मालिका पहिली होती. महाराष्ट्रात जादू या शब्दाभोवतीचा पेच निराळा आहे. करणी, भानामती, मूठ मारणे यांच्या नावाने इथे माणसांचे, विशेषतः बायकांचे हाल झाले, आणि दीर्घ लढ्यानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा समाजात मुलांनी छडी फिरवून मंत्र म्हणण्याचे खेळ खेळावेत का, असा प्रश्न कोणा पालकाच्या मनात आला तर तो गैर नाही. पण हॅरीच्या शाळेतली जादू कोणाच्या अंगात येत नाही, तिच्यासाठी बळी द्यावा लागत नाही, ती बुवाला पैसे देऊन मिळत नाही. उच्चार चुकला तर ती फसते, सरावाने जमते. भविष्य सांगण्याच्या विषयाला हर्मायनी कंटाळते आणि तो वर्ग सोडून देते. विवेकाच्या बाजूने उभी असलेली इतकी ठाम मुलगी बालसाहित्यात विरळा.

पुस्तकाच्या प्रेमाची एक बाजू मात्र खरोखर दुखावणारी आहे. घुबड आपल्याकडे अपशकुनी. हॅरीच्या पांढऱ्या हेडविगने ते टपाल आणणारे, सोबत करणारे पाखरू केले. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अहवाल दिला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुलांच्या हौसेसाठी घुबडे पकडली जात असल्याबद्दल या पुस्तकांचे नाव घेतले. अंधश्रद्धेपायी होणाऱ्या घुबडांच्या हत्येपुढे ही हौस लहान असेल, तरी पिंजऱ्यातल्या पाखराला तो फरक कळत नाही. पहिले पुस्तक निघाले त्याच १९९७ सालच्या नोव्हेंबरात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा हे छोटे घुबड ११३ वर्षांनी पुन्हा दिसले होते. काटोलच्या पश्चिमेला मेळघाटच्या जंगलातही रानपिंगळा आहे. हेडविगवर जीव लावणाऱ्या मुलाला दाखवावे असे घुबड इतके जवळ, त्याच्या स्वतःच्या झाडावर बसलेले आहे.

शेवटचे पुस्तक येऊन गेल्यावर हे प्रेम ओसरेल असे अनेकांना वाटले होते. ते वेगळ्या वाटेने गेले. ही पुस्तके वाचत वाढलेली पिढी आपापल्या कामाला लागली आणि तिथेही ती पुस्तके सोबत घेऊन गेली. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात सापडलेला एक चिमुकला कोळी २०१६ मध्ये शास्त्रज्ञांपुढे आला. त्याची वाळक्या पानासारखी, टोकदार पाठ गोष्टीतल्या जुन्या टोपीसारखी दिसते, ती टोपी मुलांना त्यांची सदने नेमून देते. जावेद अहमद, राजश्री खळप आणि सुमुखा जवगल या संशोधकांनी त्याचे नाव ठेवले एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी, आणि खुद्द रोलिंगने त्यांचे अभिनंदन केले. २०२० मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या पक्के परिसरातून हिरव्या चापड्याची एक नवी जात नोंदली गेली. झीशान मिर्झा यांच्याबरोबर हर्षल भोसले, पुष्कर फणसळकर, मंदार सावंत अशी मराठी नावे त्या शोधनिबंधावर आहेत. नराच्या डोक्याच्या बाजूने आणि अंगावरून तांबूस-नारिंगी पट्टा जाणाऱ्या या सापाचे शास्त्रीय नाव ट्रायमेरेसुरस सालाझार. सापांशी बोलणाऱ्या सालाझार स्लिदरिनवरून ते ठेवले आहे.