दूरच्या ग्रहाची हवा कशी ओळखतात?

मृग नक्षत्र तुम्हां-आम्हांला चांगले परिचयाचे. थंडीच्या रात्री त्याच्या पायाशी शशक नावाचा लहानसा तारकासमूह दिसतो. तेथल्या एका मंद ताऱ्याजवळ, सुमारे 19 प्रकाशवर्षे दूर, 1995 साली एक तप्त गोळा सापडला. ताऱ्याहून हलका, पण गुरूहून कितीतरी जड. शोधकांमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडास जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. अमेरिकेतील पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीतून त्या गोळ्याचा प्रकाश फोडून पाहिला, तो काय, त्यात मिथेनची खूण! आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच हा वायू.

आता प्रकाशात वायू कसा दिसावा? शाळेतल्या लोलकातून ऊन गेले की सात रंग पडतात. हा पट चांगल्या उपकरणाने ताणला, की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक वायू ठरावीक रंगच गिळतो. म्हणून या रेषा म्हणजे जणू त्याच्या अंगठ्याचा ठसाच.

तो गोळा आपल्या ताऱ्यापासून दूर होता, म्हणून त्याचा प्रकाश निराळा घेता आला. पण काही गुरूसारखे प्रचंड ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरतात. स्वातीचा तारा ज्या भूतप समूहात आहे, त्यातल्या टाऊ ताऱ्याचा ग्रह असाच. त्याचे वर्ष अवघ्या 3.3 दिवसांचे, आणि उष्णता हजार अंशांहून अधिक. ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसेनासा होतो. शिवाय मध्ये आपली हवा, आणि तिच्यातही पाण्याची वाफ! मग सापडलेली खूण तिकडची की इकडची?

येथे वेग कामी येतो. कोन गावी कल्याण-भिवंडी रस्त्याच्या कडेला उभे राहा. मालमोटार भोंगा वाजवीत येते तेव्हा सूर चढा लागतो. पुढे निघून गेली की तोच सूर उतरतो. जवळच पिठाची गिरणी चालू असली, तर तिचा सूर मात्र बदलत नाही. त्यामुळे गलबल्यातही गाडी ओळखू येते. ग्रहाचेही तसेच. तो आपल्याकडे येताना त्याच्या रेषा जांभळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या. आपल्या हवेच्या रेषा मात्र जागच्या जागी राहतात. या युक्तीने 2012 साली चिली देशातील मोठ्या दुर्बिणीने टाऊच्या ग्रहावर कार्बन मोनॉक्साइड ओळखला. बंद खोलीत शेगडी पेटवून निजले, तर जीव घेतो तो हाच वायू. ग्रहाचा वेगही कळला: सेकंदाला 110 किलोमीटर.

तरी निवाडा सोपा नसतो. याच ग्रहावर पाण्याची वाफ असल्याचे 2014 साली जाहीर झाले. 2021 च्या निरीक्षणात ती आढळली नाही. 2022 च्या पाहणीत पुन्हा आढळली. आणि शशकातला तो गोळा? तो एक नसून एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे, असे 2024 साली उघड झाले. गुरुजींनी लोलक दाखवताना मुलांना हेही सांगावे, की ठसा सापडला तरी तो कोणाचा, हे पुन्हापुन्हा तपासावे लागते.