पांढरे धोतर, सावळा चेहरा आणि घरचा डेव्हलपर

नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जुन्या घरांच्या भिंतींवरचे कृष्णधवल फोटो ओळीने पाहत गेले, की त्यांतला काळा रंग एकसारखा नाही हे ध्यानात येते. एका फोटोतला काळा निळसर, थंड आणि करकरीत. दुसऱ्यातला कॉफीकडे झुकलेला. तिसऱ्यात हिरवट झाक. कॅमेरा, चेहरा किंवा प्रकाश बदलल्यामुळे हा फरक पडत नाही. तो पडतो कागदामुळे आणि ज्या ट्रेमध्ये तो कागद हलवला गेला, त्या ट्रेमधल्या द्रावणामुळे. ते द्रावण म्हणजे डेव्हलपर. तयार पुडी महाग पडे म्हणून अनेक स्टुडिओंत तो सुट्या रसायनांतून तोलून घरीच कालवला जाई. या घरच्या डेव्हलपरकडे काटकसर म्हणून पाहिले जाते. मला त्याचे महत्त्व त्याहून मोठे वाटते. इथले ऊन, इथले कपडे आणि इथले पाणी या तिन्हींशी जुळवून घेण्याचा तो फोटोवाल्याच्या हातातला सर्वांत थेट उपाय होता.

आधी कपड्यांचे पाहू. पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा आणि उन्हात रापलेला सावळा चेहरा ही छायाचित्रकाराची कठीण परीक्षा. चेहऱ्यावरच्या रेषा दिसाव्यात म्हणून प्रकाश वाढवावा, तर धोतराच्या चुण्या पुसल्या जातात. कापड सांभाळावे, तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. या जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध दोन व्यक्तींची छायाचित्रेही पांढऱ्या कापडाचीच आहेत. शिर्डीचे साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीतली छायाचित्रे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि घराघरांत पोचल्या त्या त्यांच्या प्रतींच्या प्रती. नगरजवळच्या अरणगावचे, १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणारे मेहेरबाबा यांची छायाचित्रे मात्र भरपूर निघाली. एकीकडे पांढरी कफनी, दुसरीकडे पांढरा सदरा आणि मोकळे काळे केस. छापील प्रतीवरून पुन्हा फोटो काढून नवी प्रत केली, की दर पिढीत मधल्या करड्या छटा गळत जातात. चुण्या जातात आणि कापडाचा सपाट पांढरा तुकडा उरतो. अशी प्रत छापताना कोणता डेव्हलपर वापरायचा, यावर कफनी कापडासारखी दिसणार की चुन्यासारखी, हे ठरते.

ही रसायने कालवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकून पुढे आले. त्या काळी काचेवरच्या ओल्या कलोडियनची प्रतिमा हिराकशीच्या द्रावणाने उमटवत. शाईसाठी आणि रंगाऱ्याच्या भट्टीसाठी बाजारात मिळणारी हिराकस छायाचित्रालाही चाले. पुढच्या पिढीत दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली ते छायाचित्रण आणि ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकले. १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले होते. तो डाग काढणारे गज्जर ते हेच. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्म धुण्याची रसायने मिसळणे आणि फिल्मला छिद्रे पाडणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची प्रतिमा एका मराठी बाईच्या हाताने कालवलेल्या द्रावणातून उमटली. चित्रपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख सहसा स्वयंपाक आणि त्याग यांच्या ओळीत उरकला जातो, आणि रसायनांच्या कामाचे श्रेय मात्र दिले जात नाही. ही उणीव मला बोचते.

आता ट्रेकडे वळू. कोडॅकचा डी-७२ हा कागदाच्या डेव्हलपरचा जुना पाया. त्याची कृती प्रसिद्ध आहे: एक लिटर साठ्यासाठी मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. पन्नासेक अंश गरम पाण्यात सल्फाइटची फक्त चिमूट टाकून आधी मेटॉल विरघळवायचे, मग उरलेले सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी सोडा (म्हणजे कार्बोनेट) आणि ब्रोमाइड. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही.

पाच पदार्थ आणि पाच कामे. हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर म्हणून उपयोग इंग्लंडच्या विल्यम अॅबनी यांनी १८८० मध्ये दाखवला, तर मेटॉल १८९१ मध्ये बाजारात आले. मेटॉल झटकन काम सुरू करते आणि सौम्य, करड्या छटांनी भरलेली प्रतिमा देते. हायड्रोक्विनोन सुस्त, पण एकदा पेटले की गडद काळा ओढून आणते. दोन्ही एकत्र आली, की त्यांची ताकद बेरजेहून जास्त होते. सोडा त्यांना चालना देतो. सल्फाइट हवेतल्या ऑक्सिजनपासून द्रावणाला वाचवते. ब्रोमाइड लगाम घालते, म्हणजे ज्या कणांवर प्रकाश पडलेला नाही ते काळे होऊ नयेत यासाठी. यातल्या सल्फाइटशी नगर जिल्ह्याची दुसऱ्या वाटेने ओळख आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांत उसाचा रस उजळ करण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, आणि तिथेही सल्फाइटच तयार होते. ज्या पट्ट्यात हजारो माणसे रोज हे रसायनशास्त्र चालवतात, तिथे डेव्हलपर परका वाटण्याचे कारण नाही.

खरी मजा प्रमाणे बदलण्यात आहे. हायड्रोक्विनोन काढून टाकले आणि फक्त मेटॉल ठेवले, की कडकपणा (काळ्या-पांढऱ्यातला विरोध) उतरतो आणि धोतराच्या चुण्या परत येतात. या कल्पनेची सर्वांत नेटकी मांडणी डॉ. रोलंड बीअर्स यांच्या दोन बाटल्यांच्या पद्धतीत आहे. ‘अ’ बाटलीत लिटरला मेटॉल ८ ग्रॅम, सल्फाइट २३, कार्बोनेट २० आणि ब्रोमाइड १.१ ग्रॅम. ‘ब’ बाटलीत हायड्रोक्विनोन ८, सल्फाइट २३, कार्बोनेट २७ आणि ब्रोमाइड २.२. आठ भाग ‘अ’ आणि आठ भाग पाणी हे सर्वांत मऊ मिश्रण. दोन भाग ‘अ’ आणि चौदा भाग ‘ब’, बिनपाण्याचे, हे सर्वांत कडक. मध्ये पाच पायऱ्या. यातून कागदाच्या एखाद्या ग्रेडएवढा, म्हणजे कडकपणाच्या एका पायरीएवढा फरक पडतो, जास्त नाही. पण तालुक्याच्या गावी दुकानात एकाच ग्रेडचा कागद शिल्लक असेल, तर त्या एका ग्रेडचे मोल फार होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद देशभर पोचला, तरी प्रत्येक ग्रेड प्रत्येक गावात असेल असे नाही. दोन बाटल्या मात्र कुठेही ठेवता येतात.

कडकपणा ही एक बाजू झाली, आता रंगछटा. छायाचित्रातला काळा म्हणजे धातुरूप चांदी. तिचे कण फार बारीक असले तर प्रतिमा पिवळसर-तपकिरी दिसते, आणि कण वाढत गेले, तारांच्या गुंत्यासारखे झाले, की तटस्थ काळी. म्हणून डेव्हलपरने कणांना वाढायला जितका वाव दिला, तितका रंग सरकतो. ब्रोमाइड वाढवले आणि कागदाला प्रकाश जास्त देऊन डेव्हलपर पातळ केला, तर कण बारीक राहतात आणि छटा उबदार होते. मेटॉल अजिबात नसलेला जुना अन्स्को ११० हा त्याचा टोकाचा नमुना: हायड्रोक्विनोन २२.५ ग्रॅम, सल्फाइट ५७, कार्बोनेट ७५ आणि ब्रोमाइड २.७५. एकास पाच पाणी, प्रकाश नेहमीच्या तिप्पट-चौपट आणि ट्रेमध्ये पाच ते सात मिनिटे. उलट ब्रोमाइड कमी करून त्याजागी बेन्झोट्रायझोलचे एक टक्का द्रावण लिटरमागे १० ते २० मिलिलिटर घातले, की काळा निळ्याकडे झुकतो. ब्रोमाइड थोडे जास्त झाले आणि कागद थंड जातीचा असला, तर ती हिरवट झाक येते, जी अनेक जुन्या पासपोर्ट फोटोंत दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळेच कागद डेव्हलपरचे ऐकत नाहीत. क्लोराइड आणि क्लोरोब्रोमाइड कागद भरपूर ऐकतात, शुद्ध ब्रोमाइड कागद थोडे ऐकतो, आणि आजचे प्लास्टिक थराचे मल्टिग्रेड कागद बहुधा मुळीच दाद देत नाहीत. म्हणून आज कोणाला हा प्रयोग करायचा असेल तर फायबरचा, ‘वॉर्मटोन’ म्हणून विकला जाणारा कागद घ्यावा. छटा ओल्या प्रतीवर ठरवू नये. सुकल्यावर प्रत थोडी गडद दिसते आणि छटाही थोडी बदलते. माझ्या मते सावळ्या चेहऱ्याला उबदार काळाच शोभतो. निळसर काळ्यात त्वचा शिशासारखी होते. मात्र भुईकोट किल्ल्याचा बुरूज किंवा शहा डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, तिथला दगड थंड काळ्यात जिवंत होतो.

आता पाणी आणि ऊन. पुस्तकांतल्या सगळ्या कृती २० अंश सेल्सिअसच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. नगरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास असतो आणि डार्करूममधले पाणीही सहज तिशी ओलांडते. हायड्रोक्विनोन तापमानाला सर्वांत हळवे. १२-१३ अंशांखाली ते जवळजवळ झोपते आणि तिशीला धावत सुटते. त्यामुळे उन्हाळ्यात त्याच बाटलीतून अचानक कडक प्रती निघू लागतात आणि हिवाळ्यात मऊ. उपाय साधे आहेत: माठाचे पाणी, ट्रेखाली पाण्याचे मोठे पसरट घमेले, त्याच्याभोवती ओले गोणपाट, काम रात्री, आणि डेव्हलपर थोडा पातळ. मऊ पडलेल्या जिलेटिनला आवळण्यासाठी हायपोत, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या फिक्सरमध्ये, तुरटीचा हार्डनर. खोली थंड करता येत नसेल, तर त्या तापमानालाच मानक धरून प्रत्येक कृतीचे वेळापत्रक नव्याने बांधणे उत्तम. एका तापमानाला सातत्याने काम केले, की छटा हातात राहते.

पाण्याचा दुसरा प्रश्न क्षारांचा. काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम सोडा आणि सल्फाइट यांच्याशी मिळून पांढरा गाळ करते, तो प्रतीवर बसतो आणि सुकल्यावर राखेसारखा दिसतो. लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (मूळचे कॅल्गॉन) आधी घातले की कॅल्शियम बांधले जाते. पहिल्या सरीनंतरचे गाळून ठेवलेले पावसाचे पाणी त्याहून चांगले. मुळा धरणातून येणारे शहराचे पाणी आणि शेतातल्या बोअरचे पाणी यांत एकच कृती दोन वेगळे निकाल देऊ शकते, म्हणून बाटलीवर पाण्याची जातही लिहावी.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा: धुणे. हायपो फायबर कागदाच्या तंतूंत शिरतो आणि जुन्या पद्धतीने तो काढायला तासभर वाहते पाणी लागे. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात, जिथे हिवरे बाजारसारखे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, तिथे छंदासाठी तासभर नळ सोडणे मला पटत नाही. सुटका पुन्हा सल्फाइटमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्राच्या पाण्यात धुतलेल्या फिल्ममधला हायपो गोड्या पाण्याहून लवकर निघतो, हे अमेरिकन नौदलाच्या ध्यानात आले. खारट द्रावणात हायपो सुटतो आणि शेवटी गोड्या पाण्याने मीठ काढले की झाले. त्यावरून लिटरला २० ग्रॅम सल्फाइटची आंघोळ रूढ झाली. फोटोचा कागद बनवणाऱ्या इल्फोर्डने सांगितलेला क्रम असा: दाट रॅपिड फिक्सरमध्ये एक मिनिट, पाण्यात पाच मिनिटे, धुण्याला मदत करणाऱ्या द्रावणात दहा मिनिटे, पुन्हा पाण्यात पाच. तासाचे काम वीस मिनिटांवर येते, आणि पाणी बादल्यांत बदलत गेले तर त्याहून कमी लागते.

वापरलेला फिक्सर मातीत किंवा विहिरीजवळ ओतू नये, त्यात चांदी असते. एक्स-रे केंद्रांतला असा फिक्सर चांदीसाठी विकत घेणारे लोक आहेत. हाताची काळजीही हवी. मेटॉलने काहींच्या बोटांना खाज आणि चट्टे येतात, म्हणून हातमोजे किंवा चिमटे वापरावेत. तराजू, ट्रे आणि मोजपात्रे वेगळी ठेवावीत, स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नयेत.

ही माहिती असली की जुना अल्बम वेगळाच वाचता येतो. फोटोत काळे अजून खोल आहेत आणि तपकिरी छटा सगळीकडे सारखी आहे, तर ती ट्रेमध्ये ठरवलेली ऊब आहे. काळे गेले असून सगळे खजुरी झाले आहे, तर तो सल्फाइडचा सेपिया, ज्याच्या कामात स्टुडिओभर सडलेल्या अंड्याचा वास पसरे. पण कडांकडून, ठिपक्याठिपक्यांनी पिवळेपणा आत येत असेल, तर हायपो नीट धुतला गेला नव्हता आणि चांदीचे विघटन सुरू आहे. अशा फोटोची प्रत आताच करून घ्यावी, मूळ फोटोला पाणी किंवा तेल लावू नये आणि तो प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधून काढून साध्या, आम्लरहित कागदात ठेवावा. प्रत डार्करूममध्ये निघणार असेल, तर चुण्या असलेल्या पांढऱ्या कपड्यासाठी बीअर्सच्या पहिल्या दोन मिश्रणांपासून सुरुवात करावी. प्रत सुकली की मागे पेन्सिलने कागदाचे नाव, मिश्रणाचा क्रमांक, तापमान, पाणी आणि मिनिटे लिहावीत, म्हणजे पुढच्या प्रतीच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चाचण्या घ्याव्या लागत नाहीत.