पडद्याचा वेग आणि चित्राचा वेग

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण फिल्मच्या यंत्रातील फिरती झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा दाखवी; एरवी पडदा डोळ्यांना लुकलुकता दिसला असता. म्हणजे नवी चित्रे किती आणि पडदा उजळला किती वेळा, हे दोन हिशेब मुळातच निराळे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला, त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. चित्र घेणाऱ्याचा हात आणि दाखविणाऱ्याचा वेग जुळला नाही, की राजेसाहेबही लगबगीने धावू लागत!

संगणकातही असेच दोन हात आहेत. ग्राफिक्स कार्ड चित्र काढते, मॉनिटर ते मांडतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा नव्याने रंगवतो. १४४ हर्ट्झचा सुमारे ७ मिलिसेकंदांनी. कार्डाला असा नेम नाही. खेळातले मोकळे मैदान ते चटकन काढील. तेथे धूर, पाऊस आणि शंभर सैनिक आले की दमेल. पंगतीत आचाऱ्याने जिलब्यांचा ढीग घातला, तरी वाढप्याची फेरी ठरल्या वेळीच व्हायची.

कार्ड १२० चित्रे काढते आणि मॉनिटर ६० चाच आहे, असे समजा. पडदा वरून खाली रंगत जातो. मध्येच नवे चित्र आले, तर वरचा भाग जुना, खालचा नवा, आणि उभ्या खांबाला आडवी चीर. हाताच्या हालचालीला उत्तर किंचित लवकर मिळते, एवढाच काय तो लाभ.

चीर टाळण्यासाठी ‘व्ही-सिंक’ कार्डाला फेरीपर्यंत थांबवून धरते. मात्र चित्राला १७ मिलिसेकंद लागले की फेरी हुकली. साध्या रचनेत दर वेळी असे झाले, तर ६० चे थेट ३० होतात. २०१३ साली एन्व्हिडियाने ‘जी-सिंक’ आणून उलट केले: ठराविक मर्यादेत पडद्यानेच चित्राची वाट पाहावी. मला हा तोडगा अधिक शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा मुलासाठी संगणक घेताना सारा पैसा कार्डात ओतून जुना मॉनिटर ठेवू नये. तसेच दुबळ्या कार्डापुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर मांडू नये, तो एकच चित्र दोनदा-तीनदा दाखवीत बसेल. आणि असा मॉनिटर घरी असलाच, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवावे. पुष्कळदा तो ६० वरच चाललेला असतो.