पीटर : नाव खडकाचे, वाट प्राणहितेपर्यंतची

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री अहेरीच्या परिसरात, प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे इंग्रजांच्या तारखात्यातील तिघांच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. तिसरा निसटला व चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्याकडे पोहोचला. त्याचे नाव पीटर. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांच्या उठावाच्या इतिहासात हा माणूस क्षणभरच डोकावतो. त्याचे नाव मात्र तेथवर येण्यापूर्वी अठराशे वर्षांचा प्रवास करून आले होते.

पीटर हे अस्सल इंग्रजी वाटणारे नाव मुळात इंग्रजी नाहीच. गालीलच्या सरोवरावर मासे धरणाऱ्या शिमोनाला येशूने ‘केफा’ म्हटले. अरामी भाषेत केफा म्हणजे खडक. ग्रीकमध्ये खडकाला ‘पेत्रा’ म्हणतात. पण तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुरुषासाठी ‘पेत्रोस’ असे रूप झाले. लॅटिनने त्याचे ‘पेत्रुस’ केले. मराठी बायबलात ‘पेत्र’ आणि ‘केफा’ ही दोन्ही रूपे आढळतात. याच ‘पेत्रा’ला तेलाचा वाचक लॅटिन शब्द जोडून ‘पेट्रोलियम’, म्हणजे खडकातले तेल, हा शब्द सिद्ध झाला. पंपावर आपण रोज घेतो त्या पेट्रोलचे आणि पीटरचे गोत्र असे एकच आहे.

मराठीतही दगडावरून ठेवलेली नावे आहेत : दगडू, धोंडू, धोंडिबा. तथापि त्यांमागील भावना निराळी. मुले जगत नसत त्या घरात नव्या बाळाला दृष्ट लागू नये, काळालाही ते नकोसे वाटावे, म्हणून असे ओबडधोबड नाव ठेवण्याची रीत होती. पीटरमधील खडक हा पायाचा दगड आहे. त्यावर मंडळी उभारली जाईल, असा तेथील आशय. एका ठिकाणी दगड बाळाला लपवतो, दुसऱ्या ठिकाणी तो साऱ्या इमारतीचा भार वाहतो.

इंग्लंडमध्ये हे नाव रुजले ते १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर. नॉर्मनांच्या फ्रेंच वळणामुळे सामान्यांच्या तोंडी ते ‘पियर्स’ झाले. ‘पीटर’ हे रूप पुढे प्रबळ ठरले. पीटर्स, पीटरसन, पिअर्सन, पर्किन्स ही आडनावे याच कुळातली. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली. पोपच्या परंपरेचा आरंभ पेत्रापासून मानला जातो. रोमला पाठवायच्या करालाही ‘पीटरची पेनी’ असे नाव होते. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये तो कर बंद केला. प्रॉटेस्टंट इंग्लंडला हे नाव पोपधार्जिणे वाटू लागले आणि त्याचा वापर घटला. १९०४ मध्ये जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले आणि विसाव्या शतकात या नावाला पुन्हा बहर आला.

हिंदुस्थानात ते इंग्रजांच्या कितीतरी आधी पोहोचले होते. केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत ते ‘पत्रोस’ झाले, तर पोर्तुगीजांच्या ‘पेद्रो’वरून गोव्यात ‘पेद्रू’ झाले. इंग्रजी वळणाचा ‘पीटर’ त्यांच्या मागून आला.

चिंचगुंडीचा पीटर त्या ओहोटीच्या काळातला. गार्टलँड आणि हॉल यांचा उल्लेख आडनावानेच होतो. त्याच चालीने पाहता पीटर हेही आडनावच म्हणावे लागते. कोणा पूर्वजाचे पाळण्यातले नाव वंशजांना चिकटते आणि मूळ अर्थ कोणाच्या ध्यानीमनीही राहत नाही, याचे हे उदाहरण होय.

उठावाचा शेवट त्याच वर्षी झाला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत १८ सप्टेंबरला बाबुराव इंग्रजांच्या हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आले. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पीटर निसटला म्हणून वाचला. पण अहेरीच्या रानात घरोघर सांगितले जाते ते नाव बाबुरावांचे. खडकाचा अर्थ ज्याच्या नावात होता तो कागदापुरता उरला. लोकांच्या मनात खडकासारखा टिकून राहिला तो दुसराच.