पायाखालचं पेडल आणि मागच्या सीटवरची माणसं

न्यू जर्सीत दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०२२ साली बंदी आली, तरी लहान मुलं असलेल्या घरांच्या गाडीत अशा दोन-चार पिशव्या अजूनही जपून ठेवलेल्या सापडतात. कशासाठी, ते आयांना सांगायला नको. शाळा, पोहण्याचा क्लास, ग्रोसरी, रविवारची मराठी शाळा असं करता करता आठवड्यातला बराच वेळ गाडीत जातो आणि मागे बसलेल्या कुणाला तरी मळमळतं. मग दोष कधी सकाळच्या दुधाला दिला जातो, कधी रूट वनच्या सिग्नलांना आणि बहुतेक वेळा गाडी चालवणाऱ्याला. पण आपला पाय आणि गाडीचं इंजिन यांच्यामध्ये एक कॉम्प्युटर बसलेला असतो. त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

हुकूम नव्हे, अर्ज

बाबांची जुनी बजाज स्कूटर आठवा. मूठ पिळली की केबल ओढली जायची आणि इंजिनात हवा जाण्याचं दार तेवढंच उघडायचं. जुन्या मोटारींतही पेडलला अशीच केबल असे. पायाने हुकूम सोडायचा आणि इंजिनाने तो पाळायचा.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या ७ सिरीजच्या महागड्या गाडीत केबलच्या जागी वायर आणली. पुढे ती साध्या गाड्यांतही रुळली. आज आपण पेडल दाबतो तेव्हा खरं तर एक अर्ज करत असतो. पेडलमधले सेन्सर 'एवढं दाबलं' म्हणून कळवतात, कॉम्प्युटर अर्ज वाचतो आणि मग एक छोटी मोटर हवेच्या वाटेतली गोल चकती फिरवते. या चकतीच्या यंत्रणेलाच थ्रॉटल म्हणतात. सेन्सर मुद्दाम दोन ठेवलेले असतात. दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तर कॉम्प्युटर इंजिनाचा जोर आवरतो आणि समोर दिवा लावतो.

हे सगळं उगाच केलेलं नाही. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे. बर्फावर गाडी घसरू लागली, की आपला पाय पेडलवर असला तरी कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करू शकतो. क्रूझ कंट्रोलही याच वायरवर चालतं.

धक्का कुठून येतो?

कार्यालयात अर्ज गेला, की तो कसा वाचायचा याचे नियम असतात. गाडीतही तसा नियमांचा तक्ता असतो. समजा, पेडल वीस टक्के दाबलं. एक तक्ता म्हणेल, दहा टक्के द्या. दुसरा म्हणेल, चाळीस द्या. (आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.) दुसऱ्या तक्त्याची गाडी टेस्ट ड्राइव्हला फार चपळ वाटते, पण शाळेसमोरच्या ड्रॉप-ऑफच्या रांगेत तीच उड्या मारते.

त्यात थ्रॉटलच्या चकतीचा स्वभावही असा, की बंद अवस्थेतून ती जराशी उघडली तरी हवा एकदम वाढते, आणि पुढे तेवढीच उघडली तर फरक कमी पडतो. काही नळ असे असतात की आधी थेंबही येत नाही आणि मग पाणी भसकन येतं, त्यातलाच हा प्रकार. टर्बो इंजिन असेल तर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. म्हणून आपण आणखी दाबतो, आणि मग दोन्ही दाबांचा जोर एकत्र येतो.

मागच्या सीटवर याचा परिणाम काय होतो? डोळे पुस्तकात किंवा आयपॅडमध्ये असतात, ते म्हणतात, 'आपण स्थिर आहोत.' कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, 'नाही, हलतोय.' या भांडणातून मळमळ होते. झपाझप बसणाऱ्या बारीक हादऱ्यांपेक्षा साधारण पाच सेकंदांत एक, असे संथ हेलकावे जास्त त्रास देतात. सिग्नल-सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सोडणं, आवरणं, पुन्हा सोडणं याची लय बरेचदा तेवढीच असते.

आमच्याकडे जुनी सेडान जाऊन तीन रांगांची टर्बो गाडी आली, तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्यांनी सांगून टाकलं, "अगं, तुम्ही जाऊन या बालाजीला. मी घरीच बरी." एडिसनहून ब्रिजवॉटरचं मंदिर फार लांब नाही, पण त्यांनी त्या गाडीचा धसकाच घेतला होता. इतक्या लांबून आलेलं माणूस खिडकीशी बसून दिवस काढतंय, हे बघवेना. म्हणून मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढून वाचलं.

आधी फुकटचे उपाय

पहिला उपाय गिअरजवळच्या बटणात आहे. इको, नॉर्मल, स्पोर्ट, स्नो हे मोड प्रामुख्याने पेडलचा तक्ता बदलतात. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हेही त्यातून ठरतं. इको आणि स्नोमध्ये सुरुवातीचा प्रतिसाद मवाळ होतो. बर्फावर चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून स्नो मोडमध्ये जी काळजी घेतलेली असते, तिचा फायदा पाठदुखीवाल्या माणसालाही होतो. मात्र कोरड्या रस्त्यावर रोज स्नो वापरू नका, त्यासाठी इको आहे. बऱ्याच गाड्या बंद करून सुरू केल्या की पुन्हा नॉर्मलवर येतात, म्हणून बटण रोज बघावं लागतं.

इकोची एक बाजू सांगायलाच हवी. पार्कवेवर मर्ज होताना किंवा समोरून गाड्या येत असताना डावीकडे वळताना मवाळ पेडल सुस्त वाटतं आणि जीव घाबरतो. पेडल पूर्ण दाबलं तर बहुतेक गाड्या पूर्ण ताकद देतात, पण पायाला त्याची सवय हवी. ती होईपर्यंत अशा रस्त्यावर नॉर्मल ठेवावं.

दुसरा उपाय पायाचा. टाच जमिनीवर टेकवून पंज्याने पेडल दाबलं, की पायाचं वजन पेडलवर पडत नाही. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकते, तिला आधी तशी सरकू द्यावं आणि मग हलकेच पेडल घ्यावं. पुढच्या गाडीशी अंतर जास्त ठेवलं की सोड-आवर आपोआप कमी होते. सिग्नलला इंजिन आपणहून बंद-चालू होऊन धक्का बसत असेल, तर बहुतेक गाड्यांत ते थांबवण्याचंही बटण असतं.

गाडी पूर्वी बरी होती आणि आता अडखळते, अशी तक्रार असेल तर मात्र मेकॅनिककडे जा. थ्रॉटलच्या चकतीभोवती काजळी साचते. ती साफ केल्यावर काही गाड्यांत कॉम्प्युटरला चकतीची बंद जागा नव्याने शिकवावी लागते, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

इलेक्ट्रिक गाडीत थ्रॉटलची चकती नसते, पण पेडल अर्जच करतं. तिथे धक्का बहुधा पाय उचलताना बसतो, कारण मोटर उलटी वीज बनवू लागते आणि गाडी आवरली जाते. ज्या गाडीत ही आवर सौम्य करण्याची सोय आहे, तिथे मागे माणसं असताना ती जरूर वापरा.

दोन-तीनशे डॉलरची डबी

पेडल आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये लावायची एक डबी बाजारात मिळते, तिला थ्रॉटल कंट्रोलर म्हणतात. 'गाडीची ताकद वाढते' अशी तिची ख्याती आहे, पण ती ताकद वाढवत नाही. आपला अर्ज मध्येच उघडून त्यातला आकडा बदलते, एवढंच. वीसचे चाळीस करते, किंवा मवाळ सेटिंगवर वीसचे बारा. गाडीला इको मोड नसेल, तर या मवाळ सेटिंगचा उपयोग होऊ शकतो. ज्यांच्या गाडीत तो आहे, त्यांनी आधी तो महिनाभर वापरावा आणि मगच पाकीट उघडावं.

वॉरंटीबद्दल इथला १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा आपल्या बाजूने आहे. बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. तरी वाद घालायला वेळ आपलाच जातो. गाडी लीजवर असेल, तर करार आधी वाचा. आणि इंजिनाचं मूळ प्रोग्रामिंगच बदलून देणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. त्याने धुराचं प्रमाण बदललं, तर प्रकरण कायद्यात जातं.

मोड कुठलाही असो, पेडलखाली एकच मॅट हवी आणि ती हुकात अडकवलेली हवी. हिवाळ्यात मूळ मॅटवर रबराची दुसरी टाकायची सवय पुष्कळांना असते. २००९-१०मध्ये टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे पेडल मॅटमध्ये अडकण्याचं एक कारण होतंच.

आमच्याकडे इको आणि टेकवलेली टाच या दोन गोष्टींनी चमत्कार झाला नाही. २८७वरचं वळण आई अजूनही डोळे मिटूनच पार करतात. पण तिसऱ्या रविवारी त्या चपला घालून आमच्या आधी दारात उभ्या होत्या.

जपून चालवणं आपल्याला नवीन नाही. गणपतीची मूर्ती मांडीवर असते, किंवा पॉटलकला आमटीचं पातेलं पायाशी असतं, तेव्हा घरातला सगळ्यात घाईचा ड्रायव्हरही किती अलगद चालवतो, ते पाहिलंय ना? पायाला येतं सगळं. गाडीलाही त्याला साथ द्यायला सांगायचं, एवढंच.

शिक्षिका होते, त्यामुळे गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतरचे दोन आठवडे रोजच्याच रस्त्यावर एक आठवडा नॉर्मल आणि एक आठवडा इको वापरून पाहा. कुठला मोड लावलाय ते कुणाला सांगू नका. गुण देण्याचं काम मागच्या सीटकडे द्या.