नव्याने आलेल्यांचे आरोग्य : तपासणी कशाची व कशासाठी

निर्वासित हा शब्द जुन्या इंदूरला परका नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून जे लक्षावधी लोक कराचीहून बोटीने मुंबईस, किंवा खोखरापारच्या वाटेने आगगाडीने मारवाडात उतरले, त्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे माळव्यात आली. आमच्या शेजारची सिंधी कॉलनी त्यांच्याच कष्टांतून उभी राहिली. हा ओघ तेथेच आटला असे मात्र नाही. सिंध प्रांतातील हिंदू कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर अजूनही इंदुरात येतात, भाड्याच्या खोलीत संसार मांडतात आणि नागरिकत्वाच्या कागदाची वाट पाहत राहतात.

त्यांच्या आरोग्याविषयी आपल्या मंडळींत दोन मते ऐकू येतात. एक असे की, बाहेरून येणारा माणूस रोग घेऊन येतो, सबब त्याला आधी तपासावे व मगच वस्तीत घ्यावे. दुसरे असे की, आधीच घरदार सोडून आलेल्यास तपासणीचे नाव काढणे म्हणजे त्याचा अपमान होय. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

रोग माणसाबरोबर येतो हे खरे. पण पुष्कळदा तो त्यास वाटेवर किंवा छावणीत जडतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. १९७० च्या ऑगस्टपासून पूर्व बंगालात देवीची साथ उरली नव्हती. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेक येथील छावणीत दोन लाखांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहिली, तेथे देवी शिरल्या, आणि प्रथम त्या कांजिण्याच समजल्या गेल्या. १९७२ च्या आरंभी लोक आपापल्या गावी परतले तेव्हा देवी त्यांच्याबरोबर गेल्या. नव्या बांगलादेशास त्या निपटून काढण्यास १९७५ साल उजाडले. येथे यजमानाच्या अंगणातला रोग पाहुण्याच्या घरी गेला. साथीचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

त्याच वर्षी सीमेवरील बनगाव येथे पटकीचा कहर झाला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, रुग्ण जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाची पुडकी करवून लिटरभर पाण्यात ती विरघळवून पाजण्याचा मार्ग धरला. पाजणारे कोण, तर रुग्णांचेच नातेवाईक. शंभरांमागे तिसाच्या घरात असलेले मृत्यू चारांच्या आत आले. पटकीची माणसे तीच होती व छावणीही तीच. पालटले होते ते पाणी. उलटपक्षी १९९४ साली रवांडातून गोमा येथे पळालेल्या लोकांत अवघ्या महिन्याभरात सुमारे पन्नास हजार माणसे मेली, ती मुख्यतः पटकीने व हगवणीने.

महाराष्ट्रातील एक उदाहरण फारसे कोणास ठाऊक नसते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. १९४२ साली रशियातून इराणच्या किनाऱ्यास लागलेल्या त्यांच्या लोकांत उवांमुळे पसरणारा टायफस ताप इतका होता की, कपडे जाळावे लागले व केस उतरावे लागले. हा ताप त्यांना निर्वासनातील उपासमारीने आणि दाटीने दिलेला होता. प्रथम स्नान, धूतवस्त्र व अन्न. मग इतर सर्व, हाच क्रम तेथे उपयोगी पडला.

आता आपल्या दाराशी येणाऱ्या कुटुंबांकडे वळू. २०१६ च्या नोव्हेंबरपासून सिंधमधील हैदराबाद येथे विषमज्वराची अशी जात आढळली की, नेहमीच्या बहुतेक औषधांस ती दाद देत नाही. मोजकीच औषधे तिच्यावर चालतात. २०१९ साली तेथील मुलांना विषमज्वराची नवी लस टोचण्यात आली, आणि ती लस दक्षिणेतील आपल्या हैदराबादची! त्याच वर्षी लारकाणा जिल्ह्यातील रतोदेरो येथे शेकडो मुलांच्या रक्तात एच.आय.व्ही. निघाला. वापरलेल्या सुया पुन्हा वापरणे हे त्याचे मुख्य कारण ठरले. याच सुयांच्या वाटेने यकृताची ‘सी’ कावीळही त्या देशात फार पसरली आहे. रानटी पोलिओ पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. म्हणूनच तेथून येणाऱ्यांनी प्रवासापूर्वी पोलिओचे थेंब घेतलेले असावेत असा नियम भारताने २०१४ पासून केला आहे.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. विषमज्वर दूषित अन्नपाण्याने पसरतो, ‘सी’ कावीळ व एच.आय.व्ही. शेजारी बसल्याने लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली असे नमूद केले की, निर्वासितांकडून स्थानिकांस संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प असतो. खरा धोका आहे तो आलेल्या माणसाला. समजा, सिंधमधून आलेल्या बाईस आठ दिवस ताप आहे. व्हिसाचे काय होईल या भीतीने ती आपण कोठून आलो हे डॉक्टरांना सांगत नाही. डॉक्टर नेहमीचे औषध देतात, ताप उतरत नाही, आणि मोलाचे दिवस जातात. तिने ‘मी सिंधहून आले’ एवढे तीन शब्द सांगितले असते, तर औषधापूर्वी रक्ताचे कल्चर करून योग्य औषध निवडता आले असते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, आरोग्याची नोंद दवाखान्यातच राहावी. ती कोणत्याही कचेरीच्या फायलीस जोडली जाऊ नये.

दुसरी गोष्ट आकड्यांची. क्षयाचे जंतू अंगात असणे आणि क्षयरोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत हा सुप्त संसर्ग दिसला. म्हणजे या अंकाच्या वाचकांपैकीही जवळजवळ प्रत्येक तिसऱ्याच्या अंगात तो असणार. प्रत्यक्ष फुफ्फुसाचा क्षय लाखात सुमारे ३१६ जणांना होता. आता एखाद्या वस्तीत फक्त नवागतांचीच सुप्त संसर्गासाठी तपासणी केली, तर ‘तिघांत एकाला क्षय’ अशी आवई उठण्यास वेळ लागणार नाही. जेथे शोधावे तेथे सापडते, जेथे शोधलेच नाही तेथे आकडा शून्य राहतो!

मग तपासावे काय? ज्यावर उपचार हाताशी आहेत, तेच. विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली घातलेला हा दंडक अद्याप मोडीत निघालेला नाही. दोन आठवड्यांवरचा खोकला असल्यास थुंकी तपासावी. क्षयाचे औषध सरकारी यंत्रणेत मोफत मिळते. रक्तातील ‘सी’ कावीळ आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याही विनामूल्य आहेत. याखेरीज मुलांचे वजन, बायकांच्या अंगातील रक्त, वडीलधाऱ्यांचा रक्तदाब व साखर पाहावी. साथीच्या धास्तीत हे साधे आजार मागे पडतात, आणि वर्षाकाठी अधिक माणसे त्यांनीच खचतात.

या शहराला प्लेगच्या दिवसांचा एक धडा आहे. पॅट्रिक गेडीज यांनी इंदूरच्या दरबारास १९१८ साली नगररचनेचा अहवाल सादर केला. त्या सुमारास त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती. ज्या गल्ल्या अधिक स्वच्छ, तिकडूनच मिरवणूक जाईल असे त्यांनी जाहीर केले, आणि गल्लोगल्ली केरसुण्या हलू लागल्या. प्लेग कोणी आणला याची चौकशी त्यांनी मांडली नाही.

आपल्या सभासदांस करता येण्याजोगे एक काम सुचवून थांबतो. सिंधमधून आलेल्या मुलांची लसीकरणाची कार्डे पुष्कळदा अरबी वळणाच्या लिपीत असतात, आणि इकडच्या दवाखान्यात ती वाचता न आल्याने मुलांना तेच डोस पुन्हा टोचले जातात किंवा राहिलेले राहूनच जातात. ही लिपी वाचणारी वृद्ध मंडळी आपल्या शेजारच्या सिंधी घरांत अद्याप आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास दवाखान्यात बसून ती कार्डे देवनागरीत उतरवून द्यावीत.