छापील काठ

छापील काठ : साडी, उपरणे, परकर यांसारख्या वस्त्रांच्या कडेने छापून उठविलेली नक्षीची पट्टी. विणलेल्या काठात नक्षी ताण्याबाण्यातच येते. छापील काठात ती तयार कापडावर चढते. त्यामुळे जाड कापडाच्या उलट बाजूस ती फिकी दिसते. गिऱ्हाइकाला हीच सोपी पारख होय.

ठशांच्या छपाईत अरुंद ठसा जोडीत पुढे नेतात. कोपऱ्यावर नक्षी वळविताना तिरपा कागद ठेवून नको तो भाग झाकतात. जाळी-छपाईत मेजावर ताणलेल्या साडीवर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट लागते. सुमारे ५·५ मी. लांबीत नक्षीची आवर्तने पूर्ण बसली नाहीत, तर काठ मध्येच तुटतो. फिरत्या जाळीचा परीघ सामान्यतः ६४ सेंमी. असतो. तीवर काठ झपाट्याने छापले जातात. मात्र सुमारे मीटरभर रुंदीचा पदर एका फेऱ्यात मावत नाही. वेगळ्या पदराच्या साड्यांसाठी म्हणूनच मेजावरची छपाई टिकली.

मुंबईत खटाव मकनजी गिरणीच्या (स्थापना १८७४) छापील व्हॉइल साड्यांनी घरोघरी नाव मिळविले. तिचा एक विभाग बोरिवलीस होता. १९८२ च्या संपानंतर शहरातील गिरणधंदा ओसरला.

इरकलीच्या गोमी काठाची वा पैठणीच्या नारळी काठाची छापील नक्कल रोजच्या वापरास स्वस्त पडते, यात गैर काही नाही. ती विणलेली म्हणून विकली जाते, तेव्हा मात्र विणकराची मजुरी बुडते.